मागच्या खिडकीतला मिस्त्री

आमच्या घराण्यात हवा थंड करण्याचं शिक्षण घेतलेला मी पहिला माणूस. माझ्याआधीची सगळी माणसं निंबाखाली बसत आणि भागवत.

एकोणीसशे साठच्या आगेमागे मी मुंबईला जाऊन चार महिन्यांचा एक वर्ग केला. एका सिनेमाघराच्या तळघरात थंड हवेचं भलंमोठं यंत्र होतं. त्याच्याभोवती आम्हाला उभं करून मास्तर रोज सकाळी एकच मंत्र म्हणवून घ्यायचे, ‘आधी दारं-खिडक्या बंद, मग यंत्र चालू.’ कुठं फट दिसली की असे खवळायचे, जणू ती आमच्यापैकीच कुणी घरून आणली होती. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर हे वाक्य लाल शाईनं लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारून. दुसऱ्या पानापासून पुढं मला फारसं काही कळलं नाही. पण पहिलं पान पाठ होतं.

त्या पहिल्या पानाच्या जोरावर मला अकोल्याला शेतीचा प्रचार करणाऱ्या एका सरकारी खात्यात नोकरी लागली. तात्पुरती. सहा महिने काम पाहणार, मग वरचे साहेब शेरा लिहिणार, आणि त्या शेऱ्यावर मी कायम व्हायचं की घरी जायचं ते ठरणार. घरी जाण्यात अडचण अशी होती की अमरावतीला माझी सोयरीक बोलली जात होती. मुलगी मला पसंत होती. मी मुलीला पसंत आहे असं माझं मत होतं. तिच्या वडिलांनी चहा पाजला, चिवडा खाऊ घातला आणि बशी खाली ठेवता ठेवता विचारलं, “नोकरी पक्की हाय का?”

“होईल,” मी म्हणालो.

“झाली का कळवा.”

त्यांनी दार दाखवलं नाही, पण पानाचा डबाही पुढं सरकवला नाही. पान पुढं आलं की बोलणी पुढं गेली, एवढं मलाही कळत होतं. मी तोंडातला चिवडा चावत अकोल्याला परतलो.

खात्यानं तेव्हा एक जुनी प्रवासी बस घेतली होती. तिच्या पुढच्या अर्ध्या भागात प्रदर्शन होतं. सुधारित सरकी, ज्वारी, तूर यांच्या परड्या, कडब्याच्या पेंड्या, किडींची रंगीत चित्रं. मागच्या अर्ध्या भागात घर. एक खाट, भिंतीला मुडपून लावायचं टेबल, स्टोव्ह, तोंड धुवायचं भांडं. साहेबांनी गावोगाव फिरायचं, शेतकऱ्यांशी बोलायचं आणि त्या बसमध्येच राहायचं. तेही मे महिन्यात. पेरणीच्या आधी बियाणं दाखवायचं तर मे महिना टळत नाही, आणि मे महिन्यात वऱ्हाडात पत्र्याच्या डब्यात राहायचं तर माणूस टिकत नाही. म्हणून माझी नेमणूक.

सिनेमाघरातलं यंत्र बसमध्ये मावणारं नव्हतं. मी साधा उपाय केला. बसच्या पुढच्या एका खिडकीवर लोखंडी पिंजरा बसवला, त्याला तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या लावल्या. टपावर पाण्याची टाकी, टाकीतून भोकं पाडलेली नळी, नळीतून ताट्यांवर ठिबकणारं पाणी, आणि पिंजऱ्यात बाहेरची हवा ओढून आत फेकणारा मोठा पंखा. पंख्यासाठी एक जनरेटर होता. तो मुक्कामाला उतरवून लांब ठेवायचा, कारण तो चालू असला की शेजारचं माणूस काय बोलतं ते फक्त ओठांवरून कळे.

अकोल्याच्या कारखान्यात आम्ही पहिल्यांदा पंखा लावून पाहिला. बसला अजून मागचं दार बसलं नव्हतं, निम्म्या काचा यायच्या होत्या. काय सांगू! अशी गार, वाळ्याच्या वासाची झुळूक सुटली की कारखान्यातले सगळे मिस्त्री डबे घेऊन बसमध्येच जेवायला आले. एक तर जेवून तिथंच आडवा झाला. मी मनात म्हटलं, अरे, दार नाही, काचा नाहीत, तरी एवढं गार! सगळं बंद केल्यावर तर साहेब कुडकुडतील. मी गंभीरपणे भांडारात गेलो आणि साहेबांसाठी एक कांबळं मागून आणलं. भांडारवाल्यानं मे महिन्याच्या कॅलेंडराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि सही घेऊन दिलं.

मग दार आलं, काचा आल्या, आणि मी कामाला लागलो. सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून त्यांच्या पट्ट्या दाराला चिकटवल्या. काचांच्या कडेनं लांबीचा चिकट लगदा भरला. पत्र्याला खिळ्याएवढी भोकं होती, तीसुद्धा सोडली नाहीत.

बस चालवायला चाचा होते. अकोल्याचेच, पन्नाशीचे, दाढीला मेंदी लावणारे. घरी उर्दू, बाजारात वऱ्हाडी, आणि रागावले की दोन्ही. ते बराच वेळ बिडी ओढत माझं काम पाहत होते.

“बाबू, हे काय करून राहिला?”

“फटी बुजून राहिलो, चाचा.”

“अन् हवा?”

“हवा पंख्यातून आत येते ना.”

“थे समजलं. आत आल्यावर जाईन कुठी?”

“जायचं कायले? थंड हवा हाय थे. आत ठिवाची.”

चाचांनी बिडी विझवली. “आमच्या मशिदीत उन्हाळ्यात दाराले वाळ्याची ताटी लावतेत. तवा समोरचं दार उघडं ठिवतेत. नाही त मानूस उकडून मरते. हवेले जायले वाट पायजे, बाबू.”

वाळ्याच्या ताटीची गोष्ट मला, मुंबईच्या तळघरातून शिकून आलेल्या माणसाला! मी म्हणालो, “चाचा, तुमी ष्टेरिंग पाहा. हवा मी पाहातो.”

“बरं बाप्पा,” चाचा म्हणाले. आणि त्यानंतर हवेविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. हे त्यांचं न बोलणं पुढचे चार दिवस माझ्याबरोबर बसमधून प्रवास करत होतं.

साहेब आले ते पुण्याकडचे. अंगानं भरदार, वृत्तीनं सभ्य. सभ्य माणूस रागावला की फार त्रास होतो, कारण तो ओरडत नाही. तो विचारतो.

पहिला मुक्काम तेल्हाऱ्याला. दुपारी जनरेटर सुरू केला, पाणी सोडलं, पंखा लावला, दार ओढून घेतलं. ट्यूबच्या पट्ट्यांनी दार असं घट्ट बसलं की माझी छाती अभिमानानं भरून आली. अर्ध्या तासानं साहेबांनी हाक मारली.

“अहो, हवा गार येतेय का?”

मी पंख्यासमोर हात धरला. “येतेय साहेब.”

“मग मला का लागत नाही?”

“थोडा वेळ जाऊ द्या साहेब. आत साठली पाहिजे.”

साहेबांनी सदरा काढला. आणखी अर्ध्या तासानं ते बनियनवर होते.

“साठली का हो?”

“साठत आली साहेब.”

हवा साठत होतीच. नुसती हवा नव्हे, पाणीही साठत होतं. बसच्या आतल्या पत्र्यावर थेंब धरले. साहेबांचा पापड लोणच्यात मुरलेल्या लिंबाच्या फोडीसारखा मऊ झाला. काडेपेटीतल्या तेवीस काड्या घासल्या, चोविसावी नुसती घसरली, चहा झाला नाही. घाम पुसायला मी साहेबांना टॉवेल दिला, तर तो आधीच ओला होता. आणि चाचा कुठं होते? चाचा बसच्या खाली. टाकीचं जास्तीचं पाणी तिथं ठिबकत होतं, दोन्ही बाजूंनी वारा वाहत होता. त्या ओल्या जागेवर गोणपाट अंथरून, दाढी आभाळाकडं करून ते असे झोपले होते, जणू महाबळेश्वरला आले आहेत.

मी दोष शोधायला बसलो. आधी वाटलं, आतली गरम हवा अडून बसली आहे, ती ओढून बाहेर काढावी. आज हे लिहिताना लक्षात येतं की त्या क्षणी मी उत्तराच्या उंबरठ्यावर उभा होतो. पण उंबरठ्यावरून आत जायच्या ऐवजी मी पंखाच उलटा बसवला. टेबलावर साहेबांच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणाचे कागद होते. ते उठले, बसभर एक फेरी मारली आणि जाऊन ओल्या ताटीला चिकटले. सुधारित कपाशीवरचे साहेबांचे विचार निळ्या थेंबांनी खाली गळू लागले.

साहेब शांतपणे म्हणाले, “अहो, हे असंच होतं का मुंबईला?”

पंखा पुन्हा सरळ बसवला. मग ठरवलं, पाणी कमी पडतंय. दुसऱ्या दिवशी अकोटच्या अलीकडं एका गावात थांबलो होतो, तिथं मी नळीची भोकं मोठी केली. टाकी आता तासाभरात रिकामी होऊ लागली. गावच्या विहिरीवरून पाण्याच्या खेपा सुरू झाल्या. विहिरीवरची एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “एवढं पानी कोन पेते बाप्पा त्या मोटरीत? हत्ती पोसला काय?”

मी हसलो. मे महिन्यात त्या विहिरीचा तळ दिसत होता, तेही मला दिसलं होतं. दिसूनही मी टाकी भरली. माझ्या सगळ्या चुकांमध्ये हसत न सांगता येणारी तेवढी एकच.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शन पाहायला शेतकरी बसमध्ये चढले आणि पुढं एकच गलका उठला. मी धावत गेलो. परडीतल्या ज्वारीला मोड आले होते. तूर टम्म फुगली होती. सरकीनं तोंड उघडलं होतं. एक म्हातारा शेतकरी ती परडी हातात घेऊन दुसऱ्याला सांगत होता, “पाय लेका, याले म्हंतेत सुधारित बियानं! माती नाही, पाऊस नाही, अन् उगोलं!”

शेतकरी खूश होऊन उतरले. साहेबांनी परडी नाकाजवळ नेली. मानेवरच्या घामोळ्यांना पावडर लावता लावता म्हणाले, “पीक छान आलंय. कापणीला कधी यायचं?”

मी परडी त्यांच्या हातातून घेतली.

“हे पाहा,” साहेब म्हणाले, “उद्या आपण चांदूर बाजारला आहोत. उद्या ही हवा बसण्याजोगी झाली तर झाली. नाही तर मी अमरावतीच्या विश्रामगृहात जाऊन राहीन, आणि तुमच्यावरचा शेराही तिथंच बसून लिहीन.”

माझ्या डोळ्यांपुढं तो पानाचा डबा आला. बंद झाकणाचा.

चौथ्या दिवशी चांदूर बाजारच्या वाटेवर चाचांनी एका वळणावर बस वाकडी घेतली आणि निंबाच्या फांदीनं मागच्या खिडकीची काच फोडली. पुरी काच. चांगली हातभर रुंद वाट नशिबानं मोकळी करून दिली. आणि मी काय केलं? यंत्र सुरू करायच्या आधीच प्रदर्शनातली सुधारित ज्वारीच्या कडब्याची पेंडी उचलली आणि त्या खिडकीत ठासून बसवली. चार दिवस त्या दमट हवेत राहून कडबा मऊ, गोडसर वासाचा झाला होता. तो फटीत कसा छान बसला! वीतभर बाहेर राहिला, तेवढंच.

चाचा खालून पाहत होते. त्यांचे ओठ हलले. मग त्यांना आपलं ष्टेरिंग आठवलं असावं.

त्या दिवशी चांदूर बाजारला बैलबाजार होता. आमची बस बाजाराच्या कडेला, तिचा मागचा भाग मातीच्या एका उंचवट्याला लागून. जनरेटर लांब झाडाखाली. चाचा नेहमीप्रमाणे बसखाली. साहेब खाटेवर, उघडे, डोकं मागच्या खिडकीकडं. आणि मी पुढं पिंजऱ्याशी पेचकस घेऊन. पेचकस कशासाठी घेतला होता ते मलाही माहीत नव्हतं. हातात असला की माणूस कामात आहे असं दिसतं.

“साठली का हो?” साहेबांनी विचारलं. आवाजात आता आशाही नव्हती.

तेवढ्यात कडब्याची पेंडी हलली.

मला वाटलं, भास. पेंडी पुन्हा हलली. मग ती एकदम एका अंगाला सरकली आणि तिच्या शेजारून एक ओलं, गुलाबी, भलंमोठं नाक आत आलं. त्यामागून जीभ आली.

“अहो! अहो, बैल! बैल आलाय हो!” साहेब अर्धे उठले. उंचवट्यावर उभ्या राहिलेल्या त्या पांढऱ्या बैलानं मान हिसडली आणि अख्खी पेंडी दातांत धरून खिडकी मोकळी केली.

आणि काय झालं म्हणता? पंख्यातून निघालेली हवा चार दिवस जिथल्या तिथं घुटमळत होती, तिला एकदम वाट सापडली. माझ्या कानाजवळून ती सुटली. किडींची चित्रं फडफडली. टेबलावरचा टॉवेल हलला. साहेबांच्या डोक्यावर होते तेवढे केस उभे राहिले. कारखान्यात सुटली होती तीच, तश्शी गार झुळूक खाटेवरून वाहत मागच्या खिडकीतून बाहेर जाऊ लागली. ओरडण्यासाठी उठलेले साहेब आधी थांबले, मग बसले, मग हळूच पुन्हा आडवे झाले. त्यांनी डोळे मिटले.

“साठली,” ते म्हणाले. “साठली हो!”

मी बाहेर धावलो, कारण सुधारित कडबा सरकारी होता. बैलाचा मालक माझ्याआधी तिथं पोचला होता आणि घाबरून बैलाच्या तोंडात हात घालत होता.

“ओ मोटरवाले, माया बैलाले काय चारलं तुमी? औषध-गिवषध त नाही ना त्याच्यात?”

“नाही हो. सुधारित ज्वारीचा कडबा हाय.”

“सुधारित हाय?” त्यानं हात बाहेर काढला. “मंग आनखी एक पेंडी द्या.”

चाचा बसखालून सरपटत बाहेर आले. त्यांनी मागच्या खिडकीसमोर हात धरला, हवा चाचपली, आणि माझ्याकडं पाहिलं.  बोलले असते तर बरं झालं असतं.

आत गेलो तेव्हा साहेबांचे डोळे उघडे होते. “काय केलंत तुम्ही?”

इथं माणसाची परीक्षा असते. मी म्हणालो, “मागची खिडकी मोकळी केली साहेब.”

“तुम्ही?”

“म्हणजे... हवेला जायला वाट...”

“अहो, माझं डोकं त्या खिडकीपासून हातभरावर होतं,” साहेब म्हणाले. “ज्यानं खिडकी मोकळी केली, त्याची जीभ माझ्या कानाला लागली. ती तुमची नव्हती.”

मग मी सगळं सांगितलं. वहीचं पहिलं पान, लाल शाई, सायकलच्या ट्यूबा, सगळं. आणि शेवटी जे सांगायला सगळ्यात जड गेलं तेही सांगितलं, की चाचांनी हा दोष अकोल्यालाच, बस निघायच्या आधीच ओळखला होता.

साहेबांनी चाचांना आत बोलावलं. “तुम्ही सांगितलं होतं?”

“हाव साहेब. एक बार.”

“मग पुन्हा का नाही सांगितलं? चार दिवस मी वाफेवर शिजत होतो!”

“यायनं मले ष्टेरिंग पायाले सांगतलं,” चाचा म्हणाले, “म्या ष्टेरिंग पायलं.”

साहेबांनी टॉवेलची घडी करून उशाला ठेवली. हवा वाहत होती. मला मात्र घाम सुटला होता.

“काय करावं या गृहस्थाचं?” साहेबांनी चाचांनाच विचारलं. “ठेवावा का?”

आता माझी नोकरी, सोयरीक आणि पान, सगळं एका ड्रायव्हरच्या दाढीवर टांगलेलं होतं. ज्याला मी ष्टेरिंग पाहायला सांगितलं होतं, त्याच्या. चाचांनी दाढी कुरवाळली. घाई केली नाही. चार दिवस थांबलेला माणूस, त्याला घाई कसली?

“ठिवा साहेब,” ते म्हणाले. “चुकते, पन मन लावून चुकते. असा मानूस एकडाव रस्त्याले लागला का लागला.”

साहेबांनी मग दुसरी खिडकीही उघडायला लावली. पाणी निम्म्यावर आणलं तरी हवा तेवढीच गार राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळा लागता लागता त्यांनी मला विचारलं, “अहो, ते कांबळं कुठंय?” आणि ते पायांवर ओढून घेतलं. मी तोंड फिरवून घेतलं. हसू आलं म्हणून नव्हे, दुसरंच काहीतरी येत होतं.

शेरा मी पुढं कचेरीतल्या कागदांत पाहिला. साहेबांचं अक्षर सुरेख. ‘यंत्राचे ज्ञान पुस्तकी. अनुभवी सहकाऱ्यांचे ऐकण्याची सवय नाही. मात्र चूक कबूल करतो, थोडा आग्रह केल्यास. कायम करण्यास हरकत नसावी.’ अमरावतीला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी कायम झाल्याचा हुकूम दोनदा वाचला, घडी घातली, आणि पानाचा डबा पुढं सरकवला. हवा थंड कशी करतात असं त्यांनी कौतुकानं विचारलं. मी म्हणालो, “काही विशेष नाही. आमच्या चाचांचं ऐकावं लागतं.”

पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या फेरीला आम्ही पुन्हा चांदूर बाजारला, बैलबाजाराच्या कडेला मुक्कामाला होतो. मी टाकी तपासून मागं आलो, तर चाचा मागच्या उघड्या खिडकीच्या कडीला कडब्याची एक पेंडी बांधत होते. नीट, दोन गाठी मारून, बाहेरच्या अंगाला.

“चाचा, हे काहून?”

“असू दे बाबू,” चाचा दुसरी गाठ ओढत म्हणाले. “यंत्र बिघडलं, त मिस्त्रीले यायले काईतरी पायजे ना.”